रुपयाच्या आलेखातील पहिलाच आकडा चुकला आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर रुपया आणि डॉलर यांच्या विनिमय दराचा स्वातंत्र्यापासूनचा आलेख नुकताच प्रसिद्ध झाला. त्यात १९४७च्या रकान्यात '१ डॉलर = १ रुपया' असे छापले आहे. हा आकडा चुकीचा आहे. तो केवळ आपल्याकडेच छापला गेला असता तर मी पत्र लिहिण्याचा खटाटोप केला नसता. पण भाषणांत, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तो इतक्या वेळा सांगितला जातो की आता तो खराच मानला जाऊ लागला आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या विदेशी विनिमय विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षे काढली. दर हा माझा रोजचा विषय होता, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

१९४७ साली रुपयाचे डॉलरशी थेट नाते नव्हतेच. भारताच्या चलनव्यवस्थेचा विचार करण्यासाठी ब्रिटिशांनी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७ साली रुपया १ शिलिंग ६ पेन्स या दराने पौंडाला बांधला गेला. म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै मोजावे लागत. त्या वेळी एका पौंडाचे ४ डॉलर ३ सेंट होत. या दोन आकड्यांचा भागाकार कोणीही करून पाहावा : एका डॉलरला सुमारे ३ रुपये ३१ पैसे पडतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे भारताने डिसेंबर १९४६मध्ये रुपयाचे जे मूल्य नोंदवले, तेही ३०.२२५ सेंट होते, म्हणजे पुन्हा तेच ३ रुपये ३१ पैसे. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या रुपयाला जवळपास २ शिलिंग मिळत, तेव्हाही सोन्याच्या एका डॉलरसाठी सुमारे दोन रुपये लागत असत.

या समजुतीला एक जोड नेहमी दिली जाते. स्वातंत्र्याच्या वेळी देशावर कर्ज नव्हते म्हणून रुपया डॉलरच्या बरोबरीचा होता, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारताकडून घेतलेल्या मालापोटी आणि सेवांपोटी लंडनमध्ये आपल्या नावावर सुमारे १३० कोटी पौंड साठले होते, आणि त्या अर्थाने आपणच ब्रिटनचे सावकार होतो, हे खरे आहे. पण चलनाचा दर देशावर कर्ज आहे की नाही एवढ्यावरून ठरत नाही, आणि त्या वेळी तो बाजारात ठरतही नव्हता. तो सरकारने ठरवलेला दर होता, आणि तोही मुंबई-दिल्लीच्या नव्हे तर लंडनच्या सोयीने ठरलेला.

हा एक आकडा सुधारला की पुढच्या साऱ्या कहाणीचा सूर बदलतो. १ पासून सुरुवात केली तर आज डॉलर नव्वद पट महागला असे दिसते. ३.३१ पासून केली तर ही वाढ सुमारे सत्तावीस पट भरते. अठ्ठ्याहत्तर वर्षांत सत्तावीस पट, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वाचार टक्के. हाही आकडा लहान नाही. परंतु तो समजून घेता येतो, त्याची कारणे शोधता येतात. नव्वद पटीच्या आकड्यावर फक्त हळहळता येते.

शिवाय ही घसरण एका उतारावरून घरंगळत झालेली नाही, तिला स्पष्ट पायऱ्या आहेत. पहिली पायरी सप्टेंबर १९४९ची. ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला आणि जॉन मथाई अर्थमंत्री असताना भारतानेही त्याच प्रमाणात रुपया खाली आणला, त्यामुळे डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा झाला. पाकिस्तानने मात्र तेव्हा आपला रुपया हलवला नाही. त्यामुळे १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये, असा दर झाला. हा दर भारताने मान्य केला नाही, दोन्ही देशांतील व्यापार अडला आणि कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना पूर्व बंगालचा कच्चा ताग मिळेनासा झाला. पुढे १९५५मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केले आणि त्यांचाही डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर आला. दराचा प्रश्न प्रतिष्ठेचा केला की काय होते, त्याचा हा आपल्या शेजारचा जुना दाखला आहे.

दुसरी पायरी ६ जून १९६६ची. १९६२ आणि १९६५ची युद्धे, १९६५चा भीषण दुष्काळ, युद्धानंतर थांबलेली परदेशी मदत आणि आटलेली परकीय चलनाची गंगाजळी अशा स्थितीत इंदिरा गांधींच्या सरकारने डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर नेला. कामराज यांच्यासारख्या पक्षातील ज्येष्ठांनीही या निर्णयाला विरोध केला होता. या अवमूल्यनाचा उल्लेख कुठे '३६.५ टक्के' तर कुठे '५७.५ टक्के' असा आढळतो आणि वाचक गोंधळतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. रुपयाची डॉलरमधील किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली, तर डॉलरची रुपयांतील किंमत ५७.५ टक्क्यांनी चढली. कोणत्या बाजूने मोजले ते सांगितल्याशिवाय टक्केवारी छापू नये, अशी माझी विनंती आहे. त्या अवमूल्यनातून निर्यातीची भरभराट अपेक्षेप्रमाणे झाली नाही. त्याच वेळी निर्यातीवरील अनुदाने काढून घेतली गेली, ताग आणि चहा यांसारख्या मालावर निर्यात कर बसला, आणि वर पुढचा पावसाळाही दगा देऊन गेला.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण रुपया 'मजबूत' असल्याचा काळ म्हणून अनेक जण याच वर्षांकडे बोट दाखवतात. १९६६ ते १९८० या काळात डॉलर साडेसात ते नऊ रुपयांच्या आसपासच राहिला. ऑगस्ट १९७१मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले, सप्टेंबर १९७५मध्ये आपण पौंडाची साथ सोडून रुपया निवडक चलनांच्या टोपलीशी जोडला, तरीही डॉलरचा आकडा फारसा हलला नाही. पण त्या दराने डॉलर मिळत होता कोणाला? परदेशी निघालेल्या सामान्य प्रवाशाच्या हातावर ८ डॉलर टेकवले जात असत. बाकी गरजेसाठी परवाना, अर्ज, रिझर्व्ह बँकेची मंजुरी, आणि ते जमले नाही तर हवाला. ज्या किमतीला वस्तू दुकानात मिळतच नाही, ती किंमत स्वस्ताईचा पुरावा म्हणून कशी दाखवावी? विदेशी विनिमय नियमन कायदा, म्हणजे आमच्या भाषेतला 'फेरा', १९७३ साली अधिक कडक झाला तो याच टंचाईतून. त्या काळातला आठ रुपयांचा डॉलर हा रेशनवरचा डॉलर होता आणि आजचा नव्वद रुपयांचा डॉलर खुल्या बाजारातला आहे. आज कोणताही निवासी नागरिक रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रीतसर बाहेर पाठवू शकतो. हे दोन दर एकाच रेषेवर मांडले तर आलेख दिसायला सुबक होतो, पण वाचकाची फसगत होते.

१९८०च्या दशकात रुपया हळूहळू उतरत १९९०मध्ये साडेसतरापर्यंत आला. मग आखाती युद्ध, तेलाचे भडकलेले दर, कुवेतमधून परतलेले कामगार, आणि १९९१च्या मध्यावर अवघ्या एक अब्ज डॉलरच्या आसपास उरलेली गंगाजळी. मे महिन्यात २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला विकावे लागले आणि जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडले. १ जुलै आणि ३ जुलै १९९१ अशा दोन टप्प्यांत डॉलर २१ रुपये १४ पैशांवरून २५ रुपये ९५ पैशांवर गेला.

तो आठवडा मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला. त्या वेळी आम्ही दर आजच्यासारखा सांगत नसू. शंभर रुपयांना किती डॉलर, अशी ती पद्धत होती आणि ती ऑगस्ट १९९३पर्यंत चालली. त्यामुळे सोमवारी सकाळी टेलेक्सवर नवा दर उतरला तेव्हा आकडा वाढलेला नव्हता, कमी झालेला होता. ४.७३चा आकडा बुधवारपर्यंत ३.८५वर आला. यंत्रांचे सुटे भाग आयात करणारे एक गृहस्थ आमचे जुने ग्राहक होते. त्यांचे एक लाख डॉलरचे बिल येऊन पडले होते आणि त्यांनी फॉरवर्ड बुक केलेले, म्हणजे डॉलरचा दर बँकेकडे आधीच ठरवून ठेवलेला नव्हता. लिफाफ्याच्या पाठीवर पेन्सिलीने त्यांनी हिशेब मांडला : साडेएकवीस लाखांच्या आत होणारे काम तीन दिवसांत सव्वीस लाखांवर गेले होते. ते कोणावर चिडले नाहीत, पण 'हे पैसे आणायचे कुठून?' असे त्यांनी मला दोनदा विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच दुपारी शेजारच्या टेबलावर एक निर्यातदार आपल्या बिलाचे डॉलर अजून वसूल झाले नसल्याची खात्री करून समाधानाने परतले. दर एकच, दिवस एकच, काउंटरही एकच.

हे दृश्य आठवले की मला नेहमी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मांडणी आठवते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. चलन स्वस्त झाल्याने होणारा फायदा देशाला बाहेरून मिळत नाही, तो देशातल्याच एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. मजुरी सहजासहजी वाढत नाही आणि किमती मात्र लगेच वाढतात, म्हणून हा भार कष्टकऱ्यावर पडतो, हा त्यांचा रोख होता. परकीय चलनाशी असलेल्या दराच्या स्थैर्यापेक्षा देशांतर्गत किमतींच्या स्थैर्याला, म्हणजेच रुपयाने बाजारात काय विकत घेता येते याला, त्यांनी अधिक महत्त्व दिले. शंभर वर्षांनंतरही रुपयाच्या चर्चेत हा धागा क्वचितच कोणी उचलतो, आणि तेही महाराष्ट्रात, याची मला खंत वाटते.

मार्च १९९२मध्ये दुहेरी दर आले, त्यात परकीय चलनातील कमाईचा ४० टक्के भाग सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने बदलला जाई. मार्च १९९३मध्ये दोन्ही दर एक झाले आणि तेव्हापासून रुपया बाजारावर सोडलेला आहे, अर्थात रिझर्व्ह बँक गरजेनुसार डॉलर विकत घेते आणि विकते. म्हणून १९९३नंतरच्या बातम्यांत 'अवमूल्यन' हा शब्द वापरणे चूक आहे. अवमूल्यन हा सरकारचा निर्णय असतो, घसरण ही बाजाराची असते. या दोन शब्दांतला फरक आमच्या पिढीला परीक्षेत विचारला जात असे.

१९९३च्या सुमारे ३१ रुपये ३७ पैशांपासून डिसेंबर २०२५मध्ये ओलांडलेल्या ९० रुपयांपर्यंतचा प्रवास वर्षाला सरासरी सव्वातीन टक्क्यांचा आहे. याच काळात भारतातील महागाई अमेरिकेतील महागाईपेक्षा वर्षाला सरासरी साडेतीन-चार टक्क्यांनी अधिक राहिली. ज्या देशात किमती जास्त वेगाने वाढतात, त्याचे चलन त्या फरकाइतके उतरत जाणारच. ते उतरले नाही तर त्या देशाचा माल परदेशात महाग होऊन बसतो. म्हणजे तीन दशकांचा एकत्रित हिशेब केला तर रुपया महागाईच्या फरकापेक्षा किंचित कमीच घसरला आहे.

हा हिशेब रिझर्व्ह बँक दर महिन्याला स्वतःच प्रसिद्ध करते. चाळीस चलनांच्या तुलनेत आणि महागाई वजा करून काढलेला 'वास्तव प्रभावी विनिमय दर' तिच्या मासिक पत्रिकेत असतो आणि त्यासाठी २०१५-१६ हे वर्ष १०० धरले जाते; आकडा जितका वर, तितका रुपया महाग. नोव्हेंबर २०२४मध्ये हा निर्देशांक १०८च्या वर गेला होता. त्याच दिवसांत डॉलर साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास होता आणि सगळीकडे 'रुपयाचा ऐतिहासिक नीचांक' असे मथळे झळकत होते. एका मोजमापाने जो रुपया सर्वांत कमजोर, तोच दुसऱ्या मोजमापाने त्या मालिकेतला अतिशय महाग रुपया होता. निर्यातदाराला जाणवत होते ते दुसरे मोजमाप, वाचकाला दिसत होते फक्त पहिले.

'नीचांक' या शब्दाविषयीही थोडेसे. जे चलन वर्षाला तीन टक्क्यांनी उतरते, ते जवळपास दरवर्षी नवा नीचांक गाठणारच, त्यात ऐतिहासिक असे काही नाही. आलेखातही अशीच गल्लत होते. डॉलर साडेसात रुपये असताना एक रुपयाची वाढ म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक, तर नव्वदवर असताना तीच एक रुपयाची वाढ म्हणजे एक टक्क्याहून जरा अधिक. साध्या मोजपट्टीवर दोन्ही सारख्याच उंचीच्या दिसतात, त्यामुळे १९६६चा खरा धक्का आपल्या आलेखात जमिनीलगत दबलेला आहे आणि अलीकडची संथ वर्षे कड्यासारखी उभी दिसतात. टक्केवारीच्या मोजपट्टीवर काढलेला आलेख शेजारी दिला असता तर ही चूक टळली असती.

चिंता करायची ती वेगाची. मे ते ऑगस्ट २०१३ या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचे नुसते सूतोवाच केले आणि डॉलर ५५च्या आसपासवरून ६८ रुपये ८० पैशांवर गेला. तीन-सव्वातीन महिन्यांत जे घडले ते आधीच्या कित्येक संथ वर्षांहून अधिक नुकसानकारक होते. कारण उद्योगांना हिशेब बदलायला, विद्यार्थ्यांना शुल्काची सोय करायला आणि तेल कंपन्यांना खरेदी आखायला वेळच मिळाला नाही. याउलट जपानचा येन १९४९ ते १९७१ अशी बावीस वर्षे डॉलरला ३६० होता आणि त्या देशाची सर्वांत वेगवान वाढ त्याच काळात झाली. एका डॉलरला किती नग मिळतात, या आकड्यावरून देशाची उंची मोजता येत नाही.

याचा अर्थ घसरण सुखाची आहे असा मुळीच नाही. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, खाद्यतेलाचाही निम्म्याहून अधिक भाग आयात होतो, खते आणि त्यांचा कच्चा मालही मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. डॉलर चढला की हा भार स्वयंपाकघरापर्यंत आणि शेतापर्यंत पोहोचतो. शेतकऱ्याला निदान निर्यातीत त्याची भरपाई मिळावी, तर डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याच्या निर्यातीवरच बंदी होती. डॉलर महाग झाल्याने खत आणि डिझेल यांचा खर्च अंगावर घ्यायचा, आणि त्याच महाग डॉलरमध्ये आपला माल विकायची वेळ आली की दार बंद. आंबेडकरांनी म्हटलेला एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जाणारा फायदा तो हाच, आणि यात नाशिक-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याचे पारडे दोन्ही वेळा खालीच राहिले. रुपया ८५वर की ९०वर, या वादापेक्षा या प्रश्नाला आपल्या पानावर जास्त जागा मिळायला हवी.

सत्तेवर कोणताही पक्ष असो, विरोधात असताना रुपयाचा आकडा देशाच्या अब्रूशी जोडायचा आणि सत्तेत आल्यावर जागतिक परिस्थितीकडे बोट दाखवायचे, हे आपण २०१३पासून आलटून पालटून ऐकत आलो आहोत. वर्तमानपत्राने त्यात न पडता वाचकाच्या हाती साधने द्यावीत, अशी माझी आपल्याकडून अपेक्षा आहे. रुपयाच्या दराची मोठी बातमी छापताना वर्षभरातील बदल टक्क्यांत, त्याच काळात इतर प्रमुख आशियाई चलनांचे डॉलरशी काय झाले ते, आणि रिझर्व्ह बँकेचा ताजा वास्तव प्रभावी दर, एवढे तीन आकडे शेजारच्या चौकटीत सहज बसतील. आणि आलेखाची दुरुस्ती पुढील अंकात द्यावी, ही आग्रहाची विनंती : १९४७च्या रकान्यात १ ऐवजी ३.३१, आणि १९४९च्या सप्टेंबरनंतर ४.७६.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
मुंबई